विशीतला खुबा: सिकलसेलबद्दलचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

विदर्भात आणि नंदुरबारकडे 'सिकलसेल' हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. रक्त कमी होणं, कावीळ, अंग ठणकणं ही लक्षणं लोक ओळखतात. पण पंगतीत मांडी घालता न येणारा, एका अंगाला झुकत चालणारा तरुण दिसला, की 'कुठे तरी पडला असेल' म्हणून विषय मिटवला जातो. इथेच त्याचा खुबा हातचा जातो.

गैरसमज: खुबा म्हातारपणीच झिजतो.
वस्तुस्थिती: सिकलसेलमध्ये तांबड्या पेशी कडक, विळ्याच्या आकाराच्या होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मांडीच्या हाडाच्या गोळ्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या मोजक्याच असतात. त्या तुंबल्या की तिथलं हाड मरतं, गोळा चपटा होतो आणि सांधा झिजतो. डॉक्टर याला 'एव्हीएन' म्हणतात. 'एसएस' प्रकारच्या, म्हणजे दोन्ही जनुकं सदोष असलेल्या रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांना वयाच्या ३५ वर्षांपर्यंत हा त्रास गाठू शकतो.

गैरसमज: हा आजार आईकडून येतो.
वस्तुस्थिती: 'एसएस' मुलाला सदोष जनुक आई आणि वडील दोघांकडून मिळालेलं असतं. दोघेही वाहक, म्हणजे एकच सदोष जनुक असलेले असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी असण्याची शक्यता २५ टक्के आणि वाहक असण्याची ५० टक्के असते. सुनेला बोल लावणं हा निव्वळ अन्याय आहे.

गैरसमज: हिमोग्लोबिन चांगलं, म्हणजे हाडं सुरक्षित.
वस्तुस्थिती: काही रुग्णांत अल्फा थॅलेसेमियाचा जनुकदोषही असतो. त्यामुळे पेशी कमी फुटतात आणि हिमोग्लोबिन वाढतं. पण रक्त दाट होतं आणि खुब्याचा धोका उलट वाढतो. आकडा चांगला आला तरी दुखण्याकडे काणाडोळा नको.

गैरसमज: एक्स-रे नॉर्मल आहे, म्हणजे काही नाही.
वस्तुस्थिती: सुरुवातीचा बिघाड एक्स-रेत दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसतो. शिवाय दुखणं जांघेत असतं, कधी नुसतं गुडघ्यात. गुडघ्याला मलम चोळण्यात महिने जातात आणि तोवर गोळा खचतो.

गैरसमज: रक्तातलंच आहे, इलाज नाही.
वस्तुस्थिती: जनुक बदलता आलं नाही, तरी खुब्यासाठी बरंच करता येतं. लवकर कळलं तर खुब्यावरचा भार कमी करणं, फिजिओथेरपी आणि हाडाला छिद्र पाडून आतला दाब उतरवणं हे पर्याय असतात. उशीर झाला तर कृत्रिम सांधा बसवता येतो. हायड्रॉक्सियुरियाने वेदनेचे झटके कमी होतात. दारू आणि मनाने घेतलेली स्टेरॉइडं गोळ्याचं नुकसान करतात, ती टाळावीत.

सिकलसेलसाठी २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करायचं ठरलं होतं. तपासणीत ज्याच्या कार्डावर 'एसएस' येईल, त्याला घरच्यांनी आणि आरोग्यसेविकेने अधूनमधून एक साधा प्रश्न विचारावा: "मांडी घालून बसता येतं ना?" उत्तर 'नाही' आलं, तर त्याच आठवड्यात खुबा दाखवून यावा.