घरखरेदीचा शेवटचा दिवस

‘घर पाहावें बांधून’ ही म्हण ज्या काळीं रूढ झाली, त्या काळीं गवंडी आणि सुतार हेच गृहस्थाची परीक्षा पाहत. आतां बांधलेलें घर विकत घेणारीं कुटुंबें पुष्कळ; त्यांची परीक्षा दुय्यम निबंधकाच्या कचेरींत होते. वर्धा, हिंगणघाट अथवा आर्वी येथील एखाद्या कुटुंबाची वीस-पंचवीस वर्षांची शिल्लक एका दुपारीं दुसऱ्याच्या हातांत जाते. त्या दुपारीं तेथें काय घडतें, आणि त्याहून महत्त्वाचें म्हणजे काय घडत नाहीं, हें आधींच समजून घेणें हिताचें आहे.

पुण्या-मुंबईकडे ज्यास खरेदीखत म्हणतात, त्यास विदर्भांत बहुधा विक्रीपत्र म्हणतात. त्याच्या आधींची इसारचिठ्ठी म्हणजे केवळ वचन. तिनें घर आपलें होत नाहीं. शंभर रुपये वा अधिक किमतीच्या घराजमिनीची विक्री नोंदलेल्या दस्तानेंच होते, असें १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचें ५४ वें कलम सांगतें. इसारचिठ्ठीला मुखत्यारपत्र जोडल्यानें मालकी बदलत नाहीं, हें सर्वोच्च न्यायालयानेंही २०११ सालीं स्पष्ट केलें.

परंतु येथेंच पुष्कळांचा एक गैरसमज होतो. सरकारी शिक्का उमटला म्हणजे सरकारनें मालकीची हमी दिली, असें त्यांस वाटतें. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणें निबंधक मुख्यतः तीन गोष्टी पाहतो: दस्त करून देणारा तोच मनुष्य आहे काय, सही आपलीच असल्याचें तो कबूल करतो काय, आणि मुद्रांक शुल्क भरलें आहे काय. विकणारा खरोखर मालक आहे कीं नाहीं, त्याच्या बहिणींचा हिस्सा राहिला आहे काय, याचा निवाडा तो करीत नाहीं. नोंद होते ती दस्ताची.

म्हणून खरी तपासणी त्या दिवसापूर्वींच उरकली पाहिजे. वकिलाकडून मागील तीस वर्षांच्या नोंदींचा शोध घ्यावा, आखीव पत्रिका पाहावी, घरावर कोणाचें कर्ज नाहीं याची खात्री करावी. वर्धेसारख्या गावीं आणखी एक प्रश्न विचारावा लागतो. हें शहर १८६६ सालीं पालकवाडीच्या जागीं वसविण्यांत आलें. जुन्या मध्यप्रांतांतील अशा शहरांत कित्येक जागा नझूलच्या, म्हणजे सरकारी मालकीच्या व पट्ट्यानें दिलेल्या आहेत. तशा जागेवरील घर घेतांना पट्ट्याची मुदत व अटी पाहाव्या, आणि जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते काय याची चौकशी करावी.

आतां प्रत्यक्ष दिवसाकडे वळूं. ठरलेली किंमत आणि सरकारी बाजारमूल्य यांपैकीं जी रक्कम अधिक, तिच्यावर मुद्रांक शुल्क पडतें. तें व नोंदणी फी आधींच भरून पावती बरोबर न्यावी. केवळ स्त्रियांच्या नांवें राहतें घर घेतल्यास शुल्कांत एक टक्का सवलत १ एप्रिल २०२१ पासून लागू झाली.

कचेरींत पाळीची वाट पाहावी लागते. विजेचा किंवा संगणकाचा खोळंबा झाला तर दिवस तसाच सरतो. हा वेळ गप्पांत न घालवितां दस्त पुन्हा वाचावा: नांवें, क्षेत्रफळ, भूखंडाचा क्रमांक, चतुःसीमा. उत्तरेच्या जागीं दक्षिण पडली, तर चूकदुरुस्तीच्या दस्तासाठीं विकणाऱ्यास पुन्हा बोलवावें लागतें. आणि पैसे हातीं पडलेला मनुष्य दुसऱ्या खेपेस तितक्या उत्साहानें येत नाहीं.

पाळी आली कीं मूळ ओळखपत्रें दाखवावीं लागतात. दोघे जण पक्षकारांची ओळख देतात. छायाचित्र आणि अंगठ्याचा ठसा घेतला जातो. ‘हा दस्त तुम्हींच करून दिला काय?’ या प्रश्नास विकणाऱ्यानें होकार दिला, कीं काम पुढें सरकतें. सही होऊनही त्या दिवशीं नोंद झाली नाहीं, तर घाबरूं नये. सहीच्या तारखेपासून चार महिन्यांच्या आंत दस्त हजर करतां येतो.

पैशाच्या बाबतींत नियम एकच: सही, रक्कम आणि किल्ली यांची ताटातूट होऊं देऊं नये. बँकेच्या ड्राफ्टचा क्रमांक दस्तांत लिहावा. किंमत पन्नास लाख रुपये वा अधिक असल्यास एक टक्का आयकर कापून सरकारांत भरण्याची जबाबदारी घेणाऱ्यावर असते. कर्ज काढलें असल्यास मूळ दस्त बँकेकडे जातो; आपल्यापाशीं नक्कल ठेवावी. घरपट्टी आणि वीजबिल भरल्याच्या पावत्या, तसेंच घराचे जुने कागद, तेथेंच मागून घ्यावे. घरांत भाडेकरू असेल तर तो निघाल्याची खात्री सहीपूर्वीं करावी.

पुढें आखीव पत्रिका, नगरपरिषद आणि वीज कंपनी यांच्याकडे नांव बदलून घ्यावें. फेरफारानें मालकी निर्माण होत नाहीं. पण तो न केल्यास कराचीं पत्रें जुन्या मालकाच्या नांवें येत राहतात, आणि पुढें घर विकतांना अडचण पडते.

ज्या घरांत मुलाबाळांस निर्धास्त निजावयाचें आहे, त्याचे कागद या दिवसापूर्वींच पारखलेले असावेत. मग त्या दिवशीं उरतें तें एवढेंच: नीट वाचणें, सही करणें आणि किल्ली घेऊन घरीं येणें.