न्हाणीघरातील फलक

न्हाणीघरातील फलक : न्हाणीघराचे दार, आडभिंत, छताचे अस्तर, कपाट इत्यादींसाठी अखंड लाकडाऐवजी वापरावयाचे कमी खर्चाचे कृत्रिम तक्ते. चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांत उत्तम साग होत असला, तरी तो सामान्य कुटुंबाला परवडत नाही. त्यामुळे मूलसारख्या गावातही घर बांधताना अशा फलकांचा विचार करावा लागतो.

येथील हवामान फलकांची कसोटी पाहणारे आहे. पावसाळ्यात भिंती सतत ओलसर असतात, तर उन्हाळ्यात तापमान ४५° से. च्या वर जाते. फुगणे व आकसणे असे वारंवार झाले की, सांधे सैल होतात व खिळे-स्क्रूंची पकड जाते. पाणी मुख्यतः फलकाच्या उघड्या कडांतून व भोकांतून शिरते. लाकडातील ओलावा २०% हून कमी राहिल्यास कुजविणारी कवके सहसा वाढत नाहीत.

प्रकार : फलकाचा टिकाऊपणा बव्हंशी आसंजकावर (चिकटद्रव्यावर) अवलंबून असतो. यूरिया-फॉर्माल्डिहाइड रेझीन स्वस्त असते. पण ऊब व ओलावा यांमुळे त्याचे विघटन होते. फिनॉल-फॉर्माल्डिहाइड रेझीन उकळत्या पाण्यातही टिकते. उकळत्या पाण्यात ७२ तास ठेवूनही न सुटणारे प्लायवुड सर्वांत भरवशाचे, पण महाग असते. कणफलक (भुसा व ढलप्यांचा तक्ता) व मध्यम घनतेचा तंतुफलक स्वस्त असतात. परंतु दाबून बसविलेले कण भिजल्यावर फुगतात व वाळल्यावर पूर्ववत होत नाहीत. म्हणून पाणी उडेल तेथे ते वापरू नयेत. जिप्सम फलक भिजला की मऊ पडतो. जलरोधी प्रकारही छतापुरताच योग्य होय. तंतु-सिमेंट फलक कुजत नाही व त्याला वाळवी लागत नाही, मात्र तो ठिसूळ असतो. जुन्या सिमेंट पत्र्यांत बहुधा ॲस्बेस्टस असते. त्याची धूळ फुप्फुसांना घातक असल्याने असे पत्रे कापू किंवा घासू नयेत.

बांबूचा फलक : या भागातील बुरूड विणतात तो साधा तट्टा कुडासाठी व कुंपणासाठी उपयोगी असला, तरी न्हाणीत लवकर कुजतो. मात्र बांबूच्या चटया फिनॉलिक रेझिनात भिजवून, वाळवून व एकावर एक रचून उष्ण दाबयंत्रात दाबल्या की जलरोधी फलक तयार होतो. त्यासाठी भारतीय मानक १३९५८ (१९९४) आहे. बांबूला केवळ बोरिक अम्ल व टाकणखार यांचे संस्करण केल्यास कीड टळते. परंतु ही द्रव्ये पाण्याने धुऊन जात असल्याने ओल्या जागी ते पुरेसे नाही. [⟶ बांबू].

बसविण्याची पद्धत : जमिनीपासून सु. १·२ मी. उंचीपर्यंत विटांची, सिमेंटचा गिलावा केलेली भिंत ठेवून फलक त्यावरील भागात बसवावेत. दाराची खालची कड जमिनीपासून सु. १ सेंमी. वर ठेवावी. कापलेल्या सर्व कडा, बिजागऱ्यांच्या खाचा व स्क्रूंची भोके यांना बसविण्यापूर्वीच रंगाचे वा रोगणाचे दोन हात द्यावेत. दर्शनी पृष्ठ रंगवून कडा कोऱ्या ठेवणे हे दार खालून कुजण्याचे नेहमीचे कारण आहे. स्क्रू गंजरोधक असावेत. भिंत व फलक यांत हवा खेळण्यापुरती फट ठेवून छताजवळ झरोका ठेवावा. कोंदट न्हाणीत महाग फलकही टिकत नाही; उलट कडा बंद केलेला मध्यम प्रतीचा फलक हवेशीर जागी दीर्घकाळ टिकतो. म्हणून पैसा मर्यादित असल्यास झरोका व कडांचे संरक्षण यांवर तो प्रथम खर्च करणे हितावह होय.