तीन गावं, एक सम

हार्मोनियमची साथ करणारा माणूस गाणाऱ्याच्या थोडा मागेच असतो. सूर कानावर आला की मग बोट पडायचं, हेच तर आमचं काम. प्रश्न एवढाच, की किती मागे? बैठकीत गायिका माझ्यापासून तीन फुटांवर बसते. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे एका मिलिसेकंदाला साधारण एक फूट. तिचा सूर माझ्याकडे पोचायला तीन मिलिसेकंद लागतात. एवढा उशीर कुणाच्या खिजगणतीतही नसतो. हा ‘मिलिसेकंदाला एक फूट’ हिशेब डोक्यात ठेवा. इंटरनेटवरून एकत्र तालीम का जमते आणि का फसते, ते त्यातच आहे.

मी डोंबिवलीला, आमच्या ताई नाशिकला आणि तबल्याचे अण्णा पुण्याला. अभंग आणि नाट्यपदांचे कार्यक्रम करतो. एका तालमीसाठी कुणीतरी कसारा घाट चढायचा आणि कुणीतरी खंडाळा उतरायचा, यात अख्खा रविवार जातो. लॉकडाउनमध्ये नाइलाजाने ऑनलाइन तालीम सुरू केली ती आजही चालू आहे. हे ऐकून बरेच जण म्हणतात, “आम्हीही झूमवर करून पाहिलं, पण छे!” झूमवर जमणार नाहीच. ती व्यवस्था बोलण्यासाठी आहे. एकाने बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. शब्द तुटू नयेत म्हणून आवाज थोडा साठवून मग पुढे सोडला जातो, आणि आपला सूर समोरच्याच्या कानात पडेपर्यंत सहज शंभर-दीडशे मिलिसेकंद उलटून जातात. फुटांच्या हिशेबात तबलजी मैदानाच्या पलीकडे बसलाय म्हणायचा. शिवाय एकसारखा चालू राहणारा आवाज म्हणजे पंख्याची घरघर, अशी त्या यंत्रणेची समजूत असल्यामुळे तानपुरा ती इमानेइतबारे पुसून टाकते! २०२० मध्ये झूमने संगीतासाठी वेगळी सोय दिली, त्याने तानपुरा वाचला. उशीर मात्र राहिलाच.

उशीर झाला की नेमकं काय होतं? लय पडते. ताईंना अण्णांचा ठेका उशिरा ऐकू येतो, म्हणून त्या किंचित थांबतात. ते थांबणं अण्णांपर्यंत आणखी उशिरा पोचतं, त्यांना वाटतं ताईंना लय कमी हवीय, ते कमी करतात. चार आवर्तनांत केहरवा पेंगायला लागतो आणि प्रत्येकाला वाटतं, दुसराच लय ओढतोय. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात ख्रिस चेफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच मोजून पाहिलं. दोन माणसं दोन वेगळ्या खोल्यांत बसवली, कानाला हेडफोन लावले आणि मिळून टाळ्यांचा एक ताल धरायला सांगितला; मधला उशीर ते कमी-जास्त करत गेले. उशीर वाढला की लय उतरत गेली, हे अपेक्षितच होतं. गंमत अशी, की उशीर साधारण दहा मिलिसेकंदांच्याही खाली गेला तेव्हा लय चढायला लागली. म्हणजे दहा-बारा फुटांचं अंतर माणसाला मानवतं. पंचवीस-तीस मिलिसेकंदांपर्यंत निभावतं, त्यापुढे ओढाताण सुरू होते. मिरवणुकीत ढोल पथकाची शेवटची रांग शंभर फुटांवर गेली, की ताशाचा आवाज तिथे ९० मिलिसेकंदांनी पोचतो. मागच्यांनी नुसत्या कानावर विसंबून वाजवलं तर काय होतं, ते गणपतीत आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे.

मग नाशिक-पुणे अंतराचं काय? तिथे निसर्ग आपल्या बाजूने आहे. फायबरच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे २०० किलोमीटरला एक मिलिसेकंद. नाशिक ते पुणे हे अंतर तारेला बैठकीतल्या एका फुटाएवढंच वाटतं! प्रत्यक्षात तार सरळ जात नाही. दोघांच्या इंटरनेट कंपन्या वेगळ्या असल्या तर त्यांची जाळी बऱ्याचदा मुंबईत जाऊन एकमेकांना भेटतात, आणि मग एकाच शहरातल्या दोन पेठांमधलं गाणंसुद्धा मुंबईला जाऊन येतं. तरीही महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात तारेवर जाणारा वेळ दहा-पंधरा मिलिसेकंदांत बसतो.

खरा उशीर घरात होतो, आणि याबद्दल कुणी बोलत नाही. ब्लूटूथचे हेडफोन घातलेत? शंभर-दोनशे मिलिसेकंद तिथेच गेले. वायफाय? त्याचा सरासरी वेग छान असतो, पण मधूनच ते अडखळतं. ते अडखळणं झाकायला आवाज साठवून ठेवावा लागतो, आणि साठवणं म्हणजे उशीर. लॅपटॉपचं अंगचं साउंड कार्डही निवांत प्रकृतीचं असतं. चांगलं यूएसबी ऑडिओ इंटरफेस असेल तर ते आवाजाच्या १२८ नमुन्यांची एकेक चळत उचलतं. सेकंदाला ४८,००० नमुने या हिशेबाने एका चळतीला पावणेतीन मिलिसेकंदांहून कमी वेळ लागतो. माइक वाद्यापासून तीन फूट लांब ठेवलात तर हवेतच तीन मिलिसेकंद घालवलेत. ताईंकडे घरातली दोन माणसं वायफायवर सिनेमा बघत असायची आणि आम्ही अण्णांच्या तबल्याला नावं ठेवायचो. राउटरपासून गाण्याच्या खोलीपर्यंत लॅनची वायर टाकली त्या संध्याकाळी अण्णांचा तबला सुधारला.

सॉफ्टवेअर फुकट आहेत आणि चांगली आहेत. स्टॅनफर्डचंच जॅकट्रिप आहे, त्याला जरा तांत्रिक हात लागतो. इटलीत त्रिएस्तच्या संगीत महाविद्यालयाने लोला नावाची यंत्रणा घडवली, पण ती विद्यापीठांच्या खास वेगवान जाळ्यासाठी. तुमच्या-आमच्यासाठी दोन : सोनोबस आणि जॅम्युलस. सोनोबसमध्ये आवाज एकाकडून थेट दुसऱ्याकडे जातो. तीन-चार जणांना उत्तम, मोबाइलवरही चालतं. जॅम्युलसमध्ये सगळ्यांचे आवाज एका सर्व्हरवर जातात, तिथे मिसळतात आणि परत येतात. साताठ जणांचं भजनी मंडळ असेल तर हे बरं. मात्र तो सर्व्हर जवळचा हवा. यादीतला दिसेल तो युरोपातला सर्व्हर निवडला, तर डोंबिवलीचा सूर जर्मनी फिरून नाशिकला जाईल. प्रत्येक सर्व्हरपुढे वेळेचा आकडा दिसतो, तो बघूनच निवडावा. दोन्हींत एक तत्त्व समान आहे : वाटेत आवाजाचा एखादा तुकडा हरवला तर त्याच्यासाठी थांबायचं नाही, पुढे जायचं. जरा खर्रकन आवाज होतो. पण समेला थांबणं परवडत नाही.

जॅम्युलसची एक सवय मात्र अंगवळणी पाडावी लागते. स्वतःचं वाजवणं थेट ऐकायचं नाही, सर्व्हरवरून परत आलेलं ऐकायचं. कारण तिथे आपण तिघं खरोखर एकत्र असतो. सुरुवातीला विचित्र वाटतं. काळी पाचची पट्टी दाबली जाते, भाता चालू असतो, आणि सूर कानात किंचित नंतर उमटतो. माझी पेटी समोरच असल्यामुळे तिचा खरा आवाजही हेडफोनमधून झिरपतो आणि एकच सूर दोनदा ऐकू येतो. त्यावर उपाय म्हणजे कान पूर्ण झाकणारे, वायरचे हेडफोन, आणि पेटी थोडी हळू वाजवणं. चार-दोन तालमींनंतर बोटं आपोआप थोडी आधी पडायला लागतात. ताईंना हे जास्त जड गेलं. आपला आवाज आपल्याला हाडांतूनही ऐकू येतो, त्याला हेडफोन काय करणार? त्या एक कान अर्धा उघडा ठेवून गातात.

व्हिडिओ चालू ठेवावासा वाटतो, ठेवू नका. चित्र आवाजाच्या मागून येतं. अण्णांचा ‘धा’ कानात वाजून गेल्यावर पडद्यावर हात पडतो आणि भलताच गोंधळ उडतो. नजरेची भाषा इथे सोडावी लागते, आणि साथीदाराला तिची उणीव सगळ्यात जास्त खटकते. आम्ही त्यावर तोंडी खुणा ठरवल्या आहेत. अंतऱ्याला जायचं असलं की ताई आधीच्या आवर्तनातच “पुढे” म्हणतात.

निनजॅम नावाचा २००५ सालचा एक वेगळाच प्रकार आहे. त्यात उशीर टाळायचा प्रयत्नच नाही. उलट उशीर मुद्दाम एका पूर्ण आवर्तनाएवढा केला जातो. तुम्ही आत्ता ऐकता ते बाकीच्यांचं मागचं आवर्तन. लेहऱ्यावर तबल्याचा रियाज करायला हे झकास, कारण लेहरा दर आवर्तनात तोच असतो. पण साथसंगतीला काही उपयोग नाही. तिहाई घेऊन तुम्ही समेवर आलात, तर दाद पुढच्या समेला यायची!

काही गोष्टी मात्र कुठल्याच वायरने सुटणार नाहीत. मिनिटाला ३०० मात्रांच्या द्रुत तीनतालात एक मात्रा २०० मिलिसेकंदांची. मात्रेत चार बोल आले तर प्रत्येक बोलाला ५०. तिथे तीस मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे अर्ध्याहून जास्त बोल गेला. आम्ही नाट्यपदाच्या ताना आणि द्रुताचा शेवट प्रत्यक्ष भेटीसाठी राखून ठेवतो. आणि न्यू जर्सीतल्या भाच्याला इथून तबल्याची साथ करायची म्हणाल तर विसरा. अंतर साडेबारा हजार किलोमीटर. तार अगदी सरळ टाकली तरी प्रकाशालाच एका बाजूने साठ मिलिसेकंद लागतात. परदेशातल्या विद्यार्थ्यांना शिकवणाऱ्यांनी ठेका विद्यार्थ्याच्याच खोलीत, त्याच्या ॲपवर लावायला सांगावा. मग आवाज आणि ठेका दोन्ही एकत्रच इथे पोचतात, उशिरा का होईना, आणि लय कुठे सुटली ते गुरूला नीट कळतं.

गावोगावच्या संगीत विद्यालयांना आणि भजनी मंडळांना माझं एक सांगणं आहे. एक खोली, एक जुना पण धडका संगणक, एक ऑडिओ इंटरफेस, वायरचे दोन हेडफोन आणि राउटरपर्यंत लॅनची वायर, एवढं कायमचं मांडून ठेवा. तालुक्याच्या गावी गाणारी मुलगी असते, पण साथीला तबलजी मिळत नाही. तो शंभर किलोमीटरवर मोकळा बसलेला असतो. त्या दोघांना आठवड्यातून एकदा तासभर तरी जोडून द्या.