गिरकी नको, पण नाचायचंय!

मैत्रिणींनो, मंगळागौरीचे खेळ असोत की महिला दिनाचा कार्यक्रम, एक चित्र ठरलेलं असतं. चार-सहा जणींच्या फुगड्या रंगतात आणि बाकीच्या भिंतीला टेकून टाळ्या वाजवतात. "मला चक्कर येते गं", "माझे गुडघे दुखतात", "मला काही जमत नाही बाई". या बसलेल्या जणींना उठवायचं कसं? अमेरिकेतल्या एका लोकनाचात यावर चांगली वाट काढली आहे. ती आपल्यालाही उपयोगी पडेल.

नाच कसा असतो?

या नाचाचं नाव कॉन्ट्रा. अमेरिकेच्या ईशान्येकडची न्यू हॅम्पशायर, व्हरमाँट, मॅसॅच्युसेट्स ही राज्ये त्याचं घर. त्याचं मूळ इंग्लंडच्या जुन्या नाचांत आहे. तिथे अशा नाचांचं पुस्तक १६५१ सालीच छापलं गेलं होतं.

गावच्या सभागृहात फिडल, म्हणजे आपलं व्हायोलिन, वाजत असतं. लोक दोन लांब रांगा करून समोरासमोर उभे राहतात. समोरचा तो आपला जोडीदार. शेजारशेजारच्या दोन जोड्या मिळून चौघांचा गट होतो. ६४ ठेक्यांची एक फेरी, साधारण अर्ध्या मिनिटाची. फेरी संपली की प्रत्येक जोडी एक जागा पुढे सरकते आणि पुढच्या जोडीबरोबर तेच पुन्हा करते. म्हणून एकच फेरी पाठ झाली की पुरे! आणि नाच संपेपर्यंत कितीतरी जणांशी ओळख होऊन जाते.

नाच सांगणारी एक व्यक्ती असते. ती आधी संगीताशिवाय, चालत चालत सगळं करून दाखवते. मग संगीत सुरू झालं की प्रत्येक हालचाल थोडी आधी ओरडून सांगते. वेगळा पोशाख लागत नाही, एकट्याने आलं तरी चालतं.

अडतं कुठे?

गिरकीपाशी. जोडीदाराला धरून जागच्या जागी भराभर फिरायचं, आपल्या फुगडीसारखंच. हल्लीच्या बहुतेक कॉन्ट्रा नाचांत एका फेरीत दोन गिरक्या असतात, एक जोडीदाराबरोबर आणि एक शेजाऱ्याबरोबर. सवय नसलेल्याला तिथेच गरगरतं. आपल्या कानाच्या आत पाण्यासारखा द्रव असतो. आपण थांबलो तरी तो थोडा वेळ हलत राहतो, म्हणून घर फिरल्यासारखं वाटतं. समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघत फिरलं तर त्रास कमी होतो, पण हे पहिल्याच दिवशी जमत नाही.

म्हणून जाणती नाच सांगणारी व्यक्ती नवीन माणसं दिसली की सुरुवातीला कमी गिरक्यांचे किंवा बिनगिरकीचे नाच निवडते. 'पेट्रोनेला', 'मनी मस्क' अशा जुन्या नाचांत मुळात जोडीची गिरकी नव्हतीच. जे चालू शकतात ते सगळे नाचू शकतात. पाय मोकळे झाले, भीड चेपली, की मग हळूच एखादी गिरकी.

आपण करून बघूया

दोन रांगा, समोरची ती जोडीदारीण, चौघी-चौघींचा गट. ढोलकीवर ८ मात्रांचा केरवा धरा. प्रत्येक हालचालीला ८ पावलं, फक्त चालायचं.

१. चौघींनी हात धरून डावीकडे गोल फिरा.
२. तसंच उजवीकडे परत या.
३. जोडीदारणीच्या उजव्या खांद्याजवळून पुढे जा, तिच्या पाठीमागून सरका आणि तोंड न वळवता मागे-मागे आपल्या जागी या.
४. हेच शेजारणीबरोबर करा.
५. चौघींनी उजवे हात मध्ये एकत्र धरून गोल फिरा.
६. वळून डावे हात धरा आणि उलट फिरा.
७. दोन्ही रांगांनी चार पावलं पुढे, चार मागे.
८. जोडीदारणीचा हात धरून दुसऱ्या जोडीकडे तोंड करा. एका जोडीने हातांची कमान करावी, दुसरीने खालून जावं. दोघी जोड्या पुढे निघतात आणि नवी जोडी समोर येते.

रांगेच्या टोकाला समोर कोणी नसेल तर मागे वळा, एक फेरी थांबा आणि पुन्हा सामील व्हा. वाकताना कंबर दुखत असेल तिने कमान करणाऱ्या जोडीत राहावं. टोकाहून परतताना मात्र कमान आणि खालून जाणं यांची अदलाबदल होते, तेव्हा तिथे दोन्ही जोड्यांनी नुसतं शेजारून निघून गेलं तरी चालेल. गरोदर असलेल्या किंवा डॉक्टरांनी जपायला सांगितलेल्या बहिणींनी आधी त्यांना विचारावं.

सांगणारीचं काम

गटात नवीन सभासद आली की पहिल्याच बैठकीत आपण तिच्या हाती हिशेबाची वही देत नाही. आधी बचत, सही, बोलणं. वही पुढे कधीतरी. खेळातही तसंच. एखादी ताई बसून राहिली तर तिला भित्री म्हणू नका. खेळ निवडताना तिचा विचार केला होता का, ते बघा. पुढच्या ग्रामसंघाच्या मेळाव्यात पहिला खेळ असा निवडा की साठीची काकू आणि कालच गटात आलेली सूनबाई, दोघी एकाच रांगेत उभ्या राहतील. फुगड्या नंतर आहेतच.