प्रवेश परीक्षांचे वेळापत्रक (महाराष्ट्र)

प्रवेश परीक्षांचे वेळापत्रक म्हणजे सामाईक प्रवेश परीक्षा, त्यांचे निकाल आणि महाविद्यालयीन प्रवेशाच्या अंतिम मुदती यांची कालक्रमानुसार घातलेली सांगड होय. महाराष्ट्रात अभियांत्रिकी, औषधनिर्माणशास्त्र व कृषी अभ्यासक्रमांच्या प्रवेशासाठी एमएचटी-सीईटी ही परीक्षा घेतली जाते. ही परीक्षा व त्यानंतरची केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया (कॅप) राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षामार्फत राबविली जाते. या कक्षाला २०१५ च्या राज्य अधिनियमाचा आधार आहे.

टप्पे

बारावीची लेखी परीक्षा साधारणतः फेब्रुवारी-मार्चमध्ये, तर सीईटी एप्रिल-मेमध्ये होते. गुणवत्ता यादीसाठी सीईटीचे पर्सेंटाइल, बारावीचे गुण आणि आवश्यक कागदपत्रे या तीन गोष्टी एकाच वेळी उपलब्ध असाव्या लागतात. अभियांत्रिकीसाठी बारावीच्या विहित विषयांत खुल्या प्रवर्गाला किमान ४५ टक्के व आरक्षित प्रवर्गाला ४० टक्के गुण आवश्यक असतात. त्यामुळे सीईटीत उत्तम पर्सेंटाइल मिळूनही बारावीचा निकाल वा जात वैधता प्रमाणपत्र मुदतीत न मिळाल्यास प्रवेश किंवा राखीव जागा गमावण्याची वेळ येऊ शकते.

अंतिम मुदती

ठाण्यातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयाशी संबंधित पार्श्वनाथ चॅरिटेबल ट्रस्ट विरुद्ध अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१२ मध्ये तंत्रशिक्षण प्रवेशांचे वेळापत्रक ठरवून दिले. त्यानुसार पहिली प्रवेश फेरी ३० जूनपर्यंत व्हावी, सत्र १ ऑगस्टला सुरू व्हावे आणि रिक्त जागांवरील प्रवेश १५ ऑगस्टनंतर देऊ नयेत, असे अपेक्षित होते. पुढे विशेष परिस्थितीत या तारखा बदलल्या गेल्या. तथापि शेवटची मुदत आधी निश्चित करून परीक्षेची तारीख तिच्या अनुषंगाने ठरविण्याची पद्धत कायम राहिली.

विलंबाची उदाहरणे

वाकोल्यालगतच्या कलिना येथे मुंबई विद्यापीठाचे विद्यानगरी संकुल आहे. २०१७ मध्ये विद्यापीठाने उत्तरपत्रिकांचे संगणकाच्या पडद्यावरील मूल्यांकन सुरू केले. राज्यपालांनी दिलेली ३१ जुलैची मुदत उलटूनही अनेक निकाल लागले नाहीत. परिणामी, पदव्युत्तर शिक्षणासाठी परराज्यात वा परदेशात जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांना गुणपत्रिकेअभावी अडचणींना तोंड द्यावे लागले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले.

२०२० मध्ये करोना साथीमुळे एमएचटी-सीईटी ऑक्टोबरपर्यंत लांबली. १२ ऑक्टोबर रोजी मुंबई परिसरातील वीजपुरवठा खंडित झाला व परीक्षेस मुकलेल्यांना पुन्हा संधी द्यावी लागली.

२७ एप्रिल २०२५ रोजीच्या एका सत्रातील गणिताच्या प्रश्नपत्रिकेत २१ चुका आढळल्या. सुमारे २७ हजार परीक्षार्थींची फेरपरीक्षा ५ मे रोजी घेण्यात आली. अनेक सत्रांत होणाऱ्या या परीक्षेत पर्सेंटाइल हे त्याच सत्रातील परीक्षार्थींच्या तुलनेत काढले जाते. म्हणून सदोष प्रश्नपत्रिकेचे परिणाम काही मोजक्या विद्यार्थ्यांपुरते मर्यादित राहत नाहीत.

दोन संधींची पद्धत

राष्ट्रीय स्तरावरील जेईई मुख्य परीक्षा २०१९ पासून वर्षातून एकापेक्षा अधिक वेळा घेतली जाते. महाराष्ट्रातही २०२६ पासून एमएचटी-सीईटी एप्रिल व मे अशी दोनदा घेण्याचा निर्णय जाहीर झाला. आजारपण वा अपघातामुळे एक संधी हुकल्यास वर्ष वाया जाऊ नये, हा या पद्धतीचा लाभ होय. मात्र दुसऱ्या परीक्षेचा निकाल पहिल्या प्रवेश फेरीपूर्वी लागला, तरच तो साध्य होतो.

हे सुद्धा पहा

एमएचटी-सीईटी
मुंबई विद्यापीठ
वाकोला