शांतता : एक जोडविषय

शांतता हा कीर्तनाचा आणि प्रार्थनासभेचा विषय, त्यात पीएच. डी. कसली करायची, असे कोणी विचारले तर नवल नाही. परंतु या विषयाला विद्यापीठात स्थान मिळून आता अर्धशतक उलटले आहे. १९५९ साली योहान गाल्टुंग यांनी ऑस्लो येथे शांतता संशोधन संस्था स्थापिली. १९७३ साली इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड विद्यापीठात स्वतंत्र विभाग निघाला. अ‍ॅडम कर्ल हे त्याचे पहिले प्राध्यापक.

या अभ्यासाची एक मूलभूत मांडणी गाल्टुंग यांच्या १९६९ च्या निबंधात आहे. मारणारा हात दिसतो, ती प्रत्यक्ष हिंसा. पण क्षयावर औषध असूनही गरिबीपायी माणूस दगावला तर? तेथे मारेकरी दिसत नाही; समाजाची रचनाच जीव घेते. हिला त्यांनी संरचनात्मक हिंसा म्हटले. तोफा थांबल्या की नकारात्मक शांतता आली. अन्यायही सरला तरच ती सकारात्मक शांतता.

येथे पद्धतीचा प्रश्न उभा राहतो. ‘शांतता हवी’ एवढ्याने प्रबंध होत नाही. म्हणूनच अमेरिकेतील नोत्र दाम विद्यापीठाच्या क्रॉक संस्थेने २००८ साली पीएच. डी. सुरू करताना जोडविषयाची अट ठेवली. विद्यार्थी इतिहास, राज्यशास्त्र, समाजशास्त्र, मानसशास्त्र, मानवशास्त्र, ईश्वरशास्त्र अशा एखाद्या शास्त्रातही पूर्ण तयार व्हावा, ही अपेक्षा. समजा, विषय एखाद्या तहाचा आहे. इतिहासाचा विद्यार्थी दप्तरे चाळील, मानवशास्त्राचा गावात जाऊन राहील, मानसशास्त्राचा मुलांच्या मनातील भीती तपासील. प्रश्न शांततेचा; हत्यारे आपापल्या शास्त्राची. शिवाय पुढे प्राध्यापकी शोधताना जुन्या विभागाचे दारही उघडे राहते, हा व्यवहारही आहेच.

शांततेची बाजू घेतलेला संशोधक तटस्थ कसा राहील, हा आक्षेप गंभीर आहे. त्याला लुईस फ्राय रिचर्डसन यांचे उदाहरण उत्तर देते. हे हवामानशास्त्रज्ञ क्वेकर पंथाचे. पहिल्या महायुद्धात त्यांनी शस्त्र न धरता रुग्णवाहिका चालविली व पुढे युद्धांची मोजदाद आरंभिली. ज्या देशाला शेजारी अधिक, त्याच्या वाट्याला युद्धेही अधिक, असे त्यांना आढळले. वैद्य आरोग्याच्या बाजूचा असतो, म्हणून तापमापक खोटा वाचत नाही; तसेच हे.

हा विषय आपल्याला परका मानण्याचे कारण नाही. गाल्टुंग यांनी १९५५ साली आर्ने नेस यांच्यासह गांधींच्या राजकीय नीतीवर ग्रंथ लिहिला, आणि ते गांधी १९३६ पासून वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला राहत होते. गावची पाणवठ्याची भांडणे, जातींतील तेढ, दंगलीनंतर पुन्हा सुरू झालेला बाजार हे सारे आपल्या दाराशी आहे. कला शाखेतील प्रत्येक विषय त्याला हात घालू शकतो. फक्त तळमळीला शिस्तीची जोड हवी. एकटी तळमळ भाषणापाशी थांबते.