रंग पाहून ठरणारा भाव

दुकानात तपकिरी कवचाचं अंडं पांढऱ्यापेक्षा महाग असतं आणि ते जास्त सकस म्हणूनच महाग, असं घेणाऱ्याला वाटतं. हिरवट संत्रं कच्चं, पिवळाधमक गूळ शुद्ध, काळा गूळ सेंद्रिय, जर्द हळद अस्सल, अशी बाजारातली आपली कितीतरी पारख रंगावर उरकते. रंगाला काही अर्थच नसतो असं मुळीच नाही. प्रत्येक रंगामागे एखादं द्रव्य असतं आणि ते तिथे येण्याला कारण असतं. चूक होते ती पुढच्या पायरीवर. ज्या कारणाने रंग आला त्याच कारणाने चव किंवा कस आला, असं आपण न तपासता धरून चालतो. ही दोन कारणं कधी एक असतात, कधी अर्धवट जुळतात आणि पुष्कळदा त्यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो.

अंड्यात तर तो अजिबातच नाही. कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर ठरतो. व्हाइट लेगहॉर्न पांढरं अंडं देते, ऱ्होड आयलंड रेड तपकिरी. दोघींना एकच खाद्य घातलं तरी यात फरक पडत नाही. कवच चढायला साधारण वीस तास लागतात. तपकिरी छटा देणारं प्रोटोपॉर्फिरिन हे द्रव्य त्यातल्या शेवटच्या काही तासांत मुख्यतः बाहेरच्या थरावर बसतं, म्हणून फोडलेल्या तपकिरी अंड्याचं कवच आतून फिकं दिसतं. खायचा भाग त्यापासून अलिप्तच राहतो. मग भाव जास्त का? तपकिरी अंडी देणाऱ्या जाती सहसा अंगाने मोठ्या असतात, जास्त खातात, आणि ‘गावरान’ म्हटलं की गिऱ्हाईक चार पैसे जादा देतं. गावरान अंडी बहुधा फिकट बदामी असतात हे खरं, पण शेडमधल्या संकरित कोंबडीचं अंडंही तपकिरी असू शकतं. कवचाचं सोडा, मोकळ्या हिंडणाऱ्या कोंबडीचा बलक केशरी असतो, तो तरी पुरावा धराल की नाही, असं यावर विचारलं जातं. बलकाचा रंग खाण्यातून येतो, इथपर्यंत बरोबर. ल्युटिनसारखी पिवळी द्रव्यं कोंबडीच्या शरीरात तयार होत नाहीत. पिवळा मका आणि हिरवा पाला यांतून ती मिळतात. पण झेंडूच्या पाकळ्यांच्या अर्कातूनही ती मिळतात. हा अर्क कोंबडीखाद्यात सर्रास मिसळला जातो, आणि बलक किती गडद हवा हे जोखायला क्रमांक घातलेल्या रंगपट्ट्याही असतात. पाला खाणाऱ्या कोंबडीचा बलक गडद होतो, यावरून गडद बलकाची कोंबडी पाला खात होती असं सिद्ध होत नाही. अंगणात हिंडणारी कोंबडी मुख्यतः ज्वारी-तांदळाच्या दाण्यावर असेल, तर तिचा बलक फिकाच निघेल.

संत्र्याचं प्रकरण जरा गुंतागुंतीचं आहे. सालीतलं हरितद्रव्य मोडून नारिंगी द्रव्यांना वाव मिळायला थंड रात्री लागतात. म्हणून बारमाही उबदार प्रदेशांत पूर्ण पिकलेली, गोड संत्रीसुद्धा हिरवी राहतात. विदर्भातल्या दोन बहारांत हा फरक दिसतो. आंबिया बहाराची फुलं जानेवारी-फेब्रुवारीत येतात आणि फळं ऑक्टोबरपासून उतरू लागतात. तेव्हा नागपूरच्या रात्री पुरत्या गारठलेल्या नसतात, साल हिरवट-पिवळी राहते. मृग बहाराची फळं अख्खा हिवाळा झाडावर काढून फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात आणि त्यांचा रंग खुलतो. म्हणजे साल प्रामुख्याने रात्रीच्या तापमानाची नोंद ठेवते. गोडी मात्र गरातल्या साखर आणि आम्लाच्या प्रमाणावर ठरते. व्हॅलेन्शिया जातीची संत्री उन्हाळ्यापर्यंत झाडावर ठेवली, तर नारिंगी झालेली साल पुन्हा हिरवी होऊ लागते, आणि फळ काही त्यामुळे कच्चं होत नाही! व्यापाऱ्यांना हे सगळं ठाऊक असतं. हिरवट फळं बंद खोलीत इथिलीन वायूत ठेवली की काही दिवसांत साल पिवळी होते. त्यात विषारी काही नाही, कारण पिकणारी फळं स्वतःही हा वायू सोडतात. पण या उपायाने गोडी वाढत नाही. केळी-आंब्यात पिष्ट साठलेलं असतं आणि तोडणीनंतर त्याची साखर होते. संत्र्यात तसा साठा नसतो, त्यामुळे झाडावरून उतरताना ते जेवढं गोड असेल तेवढंच राहतं.

यावर कुणी म्हणेल की मग डोळे मिटूनच खरेदी करायची का; बटाट्यावरचा हिरवा डाग धोक्याचा असतो, हे तर शास्त्रच सांगतं. सांगतं खरं, आणि असा भाग काढून टाकावा, बटाटा फार हिरवा किंवा कडवट असेल तर सगळाच टाकावा. पण तो हिरवा रंग हरितद्रव्याचा असतो, जे आपण पालेभाजीतून रोज खातो. विषारी असतं ते सोलॅनिन, आणि त्याला रंग नसतो. उजेडात पडलेल्या बटाट्यात दोन्ही वाढतात, म्हणून एक दिसलं की दुसऱ्याचा संशय घ्यायचा. नुसतं उकडून सोलॅनिन जात नाही. अंधारात कोंब फुटलेल्या किंवा ठेचाळलेल्या बटाट्यात हिरवेपणा नसतानाही ते वाढू शकतं. तरीही ही खूण एरवी भरवशाची आहे, आणि त्याचं एक कारण बाजारात आहे: हिरव्या बटाट्याला कुणी जादा भाव देत नाही, त्यामुळे तो रंग मुद्दाम आणण्यात कुणाचाच फायदा नाही.

गुळाचं नेमकं उलट झालं. काहिलीत रस आटताना साखर तापते, तिची अमिनो आम्लांशी प्रक्रिया होते, उसातली फिनॉलयुक्त द्रव्यं हवेशी आणि लोखंडाशी संयोग पावतात. या सगळ्यातून तपकिरी रंग येणं साहजिक आहे. चांगला गुळव्या भेंडीच्या चिकाने मळी धरतो, चुना बेताने घालतो आणि सोनेरी गूळ काढतो. असा गूळ खरोखर कसबाचा असतो. पण बाजाराने कसबाला नव्हे तर पिवळेपणाला भाव दिला, आणि तो पिवळेपणा सोडियम हायड्रोसल्फाइटच्या पुडीने चटकन आणता येतो. साठवणीत हा रंग पुन्हा काळवंडतो आणि गंधकाचा अंश मात्र मागे राहू शकतो. म्हणूनच गुळातल्या सल्फर डायऑक्साइडला दर किलोला ७० मिलिग्रॅमची मर्यादा घातलेली आहे. हे लोकांना कळल्यावर लंबक दुसऱ्या टोकाला गेला आणि काळा गूळ म्हणजे रसायनमुक्त अशी समजूत पसरली. तीही तितकीच पोकळ आहे. खारपड जमिनीतला ऊस, तोडणीनंतर रखडलेलं गाळप, जास्त पडलेला चुना, करपलेला पाक, यांतल्या कशानेही गूळ काळा होतो. काळा गूळ चांगला असू शकतो, पण काळा असल्यामुळे नव्हे.

हळदीत आणखी वेगळा पेच आहे, कारण इथे रंग आणि गुण खरोखर एकाच द्रव्यसमूहातून येतात. कर्क्युमिन आणि त्याची भावंडं हीच हळदीला पिवळं करतात, आणि हळदीचं मोलही बरंचसं त्यांच्यावर ठरतं. म्हणजे इथे तरी रंगावर विसंबायला हरकत नसावी. बांगलादेशात तसंच मानलं गेलं. १९८० च्या दशकातल्या पुरानंतर हळद नीट वाळेना, निस्तेज निघू लागली, तेव्हा हळकुंडं पॉलिश करताना लेड क्रोमेट हे शिशाचं जर्द पिवळं रसायन चोळायची रीत पडली आणि पुढे चांगल्या हंगामातही टिकली, कारण गिऱ्हाईक झळाळीच मागत होतं. शिशाचं सुरक्षित म्हणावं असं प्रमाणच नाही. लहान मुलांच्या मेंदूला ते कायमची इजा करतं. स्टॅनफर्ड विद्यापीठ आणि ढाक्याच्या संशोधकांनी हा माग काढल्यावर सरकारने छापे घातले, दंड केले, जनजागृती केली. बाजारातल्या नमुन्यांपैकी २०१९ मध्ये ४७ टक्क्यांत शिसं सापडत होतं, २०२१ मध्ये ते शून्यावर आलं. घरगुती कसोट्यांनी हे साधलं नसतं. चुन्याने हळद लाल होते, जुन्या पद्धतीचं कुंकू त्यातूनच बनतं. पण भेसळीच्या पुडीतही हळद असतेच, त्यामुळे तीही लाल होणार. पूड न घेता हळकुंडं आणून घरी दळली की प्रश्न मिटला, ही समजूतही तिथे उपयोगाची नव्हती, कारण रंग हळकुंडांनाच चोळलेला होता. हळकुंड मोडून पाहिलं तर थोडाफार अंदाज येऊ शकतो: कर्क्युमिन गाभ्यातही असतं, चोळलेला रंग मात्र सालीवरच. खात्री हवी असेल तर प्रयोगशाळाच गाठावी लागते.